दुसरा ठिपका कुठे गेला?

पहिलंच पान बोटांखाली घेतलं आणि मी अडखळले. "बाटकीत चमचाभर तेक ओता," असं छापलं होतं. खालच्या ओळीत मात्र बाटली आणि तेल दोन्ही नीट होतं.

मी स्वरदा घारे, सातवीत आहे. आमच्या शाळेत आम्ही बावीस जण बोटांनी वाचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चंद्रावरच्या तळावरून डॉ. इनामदार एक प्रयोग करून घेणार होत्या आणि राज्यभरातली मुलं आपापल्या शाळेत तो करणार होती. गेल्या वर्षी आमच्याकडे ब्रेल पुस्तिका (उठावाच्या ठिपक्यांच्या) नव्हत्या, म्हणून आम्ही हातावर हात ठेवून बसलो. मला ते फार लागलं होतं. या वर्षी पुस्तिका आम्हीच छापणार होतो, आणि नेमका आज हा घोळ.

आमचं छपाईयंत्र फक्त एका जुन्या संगणकाचं ऐकतं. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे. त्याला सांभाळतात माझे नाना, म्हणजे आईचे वडील. नानांनी उभी हयात दुर्बिणींचे संगणक दुरुस्त करण्यात घालवली आहे.

"फाइलच चुकीची असेल," नाना म्हणाले.

आम्ही तेच पान पुन्हा छापलं. या वेळी चुका भलत्याच ओळींत निघाल्या. फाइल चुकली असती तर चूक जागची हलली नसती. यंत्राची सुई मोडली असती तर एकही 'ल' धड उमटला नसता.

"मग मधेच कुणीतरी ठिपका खातंय," मी म्हणाले. ब्रेलमध्ये 'ल'ला तीन ठिपके असतात, पहिला, दुसरा आणि तिसरा. त्यातला दुसरा गेला की उरतो 'क'.

"बरोबर पकडलंस," नाना म्हणाले. "संगणकाची स्मृती (काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवायची जागा) ब्रेलसारखीच असते. तिथे कोट्यवधी बारीक घरं. घरात विजेचा भार असला तर ठिपका उठलेला, नसला तर सपाट. अशा एका ठिपक्याला म्हणतात बिट (माहितीचा सगळ्यात लहान तुकडा). बिट हरवला की बाटलीची बाटकी."

तेवढ्यात टिचकी आली. टिचकी म्हणजे तालुक्याच्या दुरुस्ती केंद्रातली रोबो, कामाला वाघ पण अगदी नाकासमोर चालणारी. "भंगारगाडी चार वाजता येते. तोवर दोष गेला नाही, तर हा संगणक भंगारात जाईल," तिने आल्याआल्या सांगून टाकलं. तीन वाजून गेले होते.

स्मृतीच्या दोन पट्ट्या दोन खाचांत बसवलेल्या होत्या. नानांनी वायर काढली आणि मला आधी संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावायला सांगितला, कारण अंगावरची स्थिर वीज (कपडे घासून साठणारी) अशा पट्टीचा जीव घेऊ शकते.

"आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले. "दोन बदलल्या, तर दोष कुणाचा ते देवालाही कळायचं नाही."

पहिली पट्टी एकटी ठेवली. टिचकीने चाचणी लावली. प्रत्येक घरात ठिपका ठेवायचा आणि वाचून पाहायचा, मग सगळी घरं सपाट करून पुन्हा वाचायची. एकही चूक नाही. त्याच खाचेत दुसरी पट्टी घातली, तर चुकाच चुका. ती दुसऱ्या खाचेत हलवली, तर चुकाही तिच्या मागोमाग तिकडे गेल्या. म्हणजे खाचा ठीक होत्या.

"दोष दुसऱ्या पट्टीत. अशा पट्ट्या आता बनत नाहीत, आणि एका पट्टीत छपाईचा प्रोग्राम मावत नाही. भंगार," टिचकी म्हणाली.

मी हात पुढे केला. "नाना, मला एकदा बघू दे ती."

पट्टीच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले बारीक दात असतात. एकेक दात म्हणजे एकेका तारेचं टोक, माहितीची ये-जा त्यांतूनच होते. त्यांना बोट लावायचं नसतं, पण आता गमवायला काय उरलं होतं? पहिल्या पट्टीचे दात गुळगुळीत लागले. दुसरीचे मधले दोन-तीन खरखरीत होते, वाळलेल्या पिठासारखे. मी बोट नाकाशी नेलं.

"नाना, ही हळद आहे."

"माझ्या कॅमेऱ्याला दात पूर्ण सोनेरी दिसतात," टिचकी म्हणाली. "वर एक लाल ठिपका आहे. ती कंपनीची खूण असावी."

"कंपनीची नव्हे, माझी," नाना ओशाळून म्हणाले.

तीन दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे विळीपासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक हत्याराला हळद-कुंकू लागतं. नानांनी संगणक उघडून पुसला, आणि बाहेरून पूजा करून मन भरलं नाही म्हणून थेट स्मृतीच्या पट्टीलाच ओलं हळद-कुंकू लावलं. एवढा मोठा जाणकार, आणि ही तऱ्हा. हळद ओघळून दातांवर वाळली. वाळलेल्या हळदीतून वीज जात नाही, म्हणून त्या तारेतला ठिपका कधी पोचायचा, कधी वाटेतच राहायचा. पट्टी बिचारी धडधाकट होती. पण पिवळ्यावर पिवळं डोळ्यांना दिसणार कसं?

नानांच्या टेबलावरचं खोडरबर घेऊन मी हलक्या हाताने दात पुसले आणि कोरड्या फडक्याने कीस झाडला. नानांनी खाचा मऊ ब्रशने साफ केल्या. टक असा आवाज येईपर्यंत मी पट्ट्या दाबून बसवल्या. चाचणी सुरू झाली, आणि चाराला सात मिनिटं असताना संपली.

"चुका शून्य," टिचकी म्हणाली. मग जरा थांबून, "पुन्हा तपासलं. शून्य. माझ्या तपासणीच्या यादीत मी आता स्पर्श जोडला आहे."

नानांनी मला कडेवर उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसले. आम्ही दोघं इतके हसलो की टिचकीने आमचीही चाचणी घेऊ का म्हणून विचारलं. संध्याकाळी बावीस पुस्तिका तयार होत्या, आणि मी प्रत्येक पान स्वतः वाचून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोग सगळ्यात आधी आमच्या शाळेने पुरा केला. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा मानही आमचा. मी उठले. "बाई, तुमच्या तिथल्या संगणकांतले ठिपके कधी हरवतात का?"

तीनेक सेकंद शांतता होती. चंद्रापर्यंत आवाज जाऊन परत यायला एवढा वेळ लागतोच.

"हरवतात. अंतराळातून आलेले अतिसूक्ष्म कण आदळले की ठिपके उलटतात," डॉ. इनामदार म्हणाल्या. "पण तुला हे कसं सुचलं?"

मी सगळं सांगितलं, नानांच्या पूजेसकट. राज्यभरातल्या शाळा ऐकत होत्या.

"स्वरदा, इथे दोष शोधणारी माणसं फार कमी आहेत," त्या म्हणाल्या. "येशील का?"

"येते ना," मी म्हणाले. "फक्त दहावी होऊ द्या."

स्पीकरमधून शेकडो मुलांचं हसणं आलं, आणि त्यात आमच्या बावीस जणांचं सगळ्यात मोठं होतं.