पहिलवानासाठी लवंगेचं तेल

औषधांच्या दुकानात लवंगेच्या तेलाची एकच बाटली उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक हात मुअत्तरचा. दुसऱ्या हाताच्या मालकाचा उजवा गाल इतका सुजला होता, की त्या बाजूचा डोळा सगळ्या जगाकडे संशयाने पाहत होता.

"माझा दात..." तो म्हणाला.

"माझा मासा," मुअत्तर म्हणाली.

त्याने दुसरा डोळाही तिच्यावर रोखला. "लवंगेच्या तेलात मासा तळतात हे माहीत नव्हतं."

"तळायचा नाहीये. मारायचाय."

हे तिने आतापर्यंत कुणाला इतकं सरळ सांगितलं नव्हतं. पण दमलेल्या माणसाच्या तोंडून खरं पटकन बाहेर पडतं. खोटं रचायला अंगात थोडं तरी बळ लागतं. मुअत्तर वसंत ऋतूपासून दमलेली होती. दोन वर्षं तिने वडिलांचं दुखणं काढलं, वसंतात ते गेले, आणि तेव्हापासून ती रोज सकाळी कालचाच थकवा अंगावर चढवून उठत होती.

"आजारी आहे," ती म्हणाली. "फुगलाय. खवले उभे राहिलेत. आडवा पडून श्वास घेतो. या तेलाने झोपेत जातो म्हणे... काही कळत नाही त्याला."

"मग माझ्या दातालाही तसंच काहीतरी करा."

दुकानदारीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाटली कापडाने पुसून मधोमध ठेवली. या भांडणात आपण पडणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

"अर्धी-अर्धी," तो म्हणाला. "मी बाटली धरतो, तुम्ही छत्री धरा. तुमच्याकडे पोचलो की अर्धी माशाला, उरलेली मला."

"तुम्ही माझ्या घरी येणार?"

"मी नाही. बाटली येणार. मी तिच्यासोबत."

बाहेर नोव्हेंबरचा बारीक पाऊस होता. ताश्कंदातल्या चिनारांची पानं फुटपाथला चिकटली होती, आणि छत्री एकाच माणसाच्या मापाची होती. तो तिच्या उजव्या बाजूने चालत होता. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला कळलं, की तो सुजलेला गाल पलीकडे राहील अशी सोय बघून चालतोय. हे कळल्यावर तिने उगाचच छत्री त्याच्याकडे थोडी कलती केली. त्याचं नाव अक्मल. लिफ्ट दुरुस्त करायचा. राहायचा नऊमजली इमारतीत, सगळ्यात वर.

"जमिनीवर राहणाऱ्यांशी माझा फारसा संबंध येत नाही," तो म्हणाला. "माशाचं नाव काय?"

"पहिलवान."

"कुस्ती खेळायचा?"

"जेवायचा पहिलवानासारखा. बाबांनी ठेवलं नाव. रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलायचे. आम्ही मधेच बोलतो, तो बोलत नाही, म्हणून."

या माशाबद्दल सल्ले द्यायला मोहल्ल्यात कुणी कमी पडलं नव्हतं. समोरच्या बुसोरा ओपांनी, म्हणजे बुसोराताईंनी, मांजर सुचवलं होतं. चुलतभावाने संडासाची साखळी सुचवली होती. पक्षीबाजारातला मासेवाला म्हणाला होता, ताई, नवा घ्या, हा काय तुमच्या नात्यातला आहे? तो नात्यातलाच होता, हे त्याला कसं सांगायचं, ते मुअत्तरला सुचलं नव्हतं.

आई बाजारात गेली होती. स्वयंपाकघरातला दिवा थंडीच्या दिवसांत वीज कमी पडली की जळतो तसा, म्हणजे नुसता नावाला, जळत होता. पहिलवान काचेच्या पेटीत तळाशी एका कुशीवर पडला होता. एके काळी नारिंगी असलेलं अंग देवदाराच्या फळासारखं खवल्याखवल्यांनी उभं राहिलं होतं.

"इथे काही दिसायचं नाही," अक्मल म्हणाला. "उजेड कुठे आहे?"

उजेड होता दरवाज्याच्या बोळात. छप्पर असलेला तो रुंद बोळ, त्याच्या टोकाला रस्त्यावर उघडणारं दोन झडपांचं फाटक. पण बोळात दोन लांब लाकडी बाकं आडवी ठेवली होती. मुअत्तर पेटीतल्याच पाण्यासकट पहिलवानाला पांढऱ्या घमेल्यात घेत होती तेवढ्यात अक्मलने फाटक उघडलं, दोन्ही बाकं उचलून बाहेर रस्त्यावर भिंतीला लागून ठेवली, छज्ज्याखाली, भिजू नयेत म्हणून नीट जोडून. अगदी नेटकं काम.

आता जुन्या मोहल्ल्यात उघड्या फाटकाबाहेर बाकं मांडली, की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. घरात कुणीतरी गेलं. अक्मलला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या इमारतीसमोर बाकं बारा महिने असायची आणि त्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या अगदी जिवंत असायच्या. मुअत्तरला ठाऊक होतं. पण ती घमेल्यात पाहत होती.

तिने बरणीत कोमट पाणी घेतलं, त्यात निम्मं तेल ओतलं आणि पाणी दुधासारखं होईस्तोवर बरणी हलवली. मग हात थांबला.

"काय झालं?"

"बाबांच्या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "त्यांचा हात होता, तो धरून मी बसायची. ते म्हणायचे, पुरे आता... आणि मी म्हणायची, बरं वाटेल उद्या. रोज तेच खोटं. आता हातात आहे, तर हात उचलत नाही."

 अक्मलने बरणीला खालून हात लावला. उचलली तिनेच.

पाणी हळूहळू, धारेने, घमेल्याच्या कडेने सोडलं. बोळभर लवंगेचा वास पसरला. पहिलवानाची ताणलेली शेपूट सैल पडली. मग तो शांत कलला, दुखणं विसरून गाढ झोपलेल्या माणसासारखा. कल्ले मात्र हलत राहिले. बारीक, पण हलत.

"आणखी लागेल," ती म्हणाली, आणि बाटलीकडे पाहिलं. उरलेली अर्धी त्याची होती.

त्याने बूच काढलं आणि होतं नव्हतं तेवढं तेल बरणीत उपडं केलं.

"आणि तुमचा दात?"

"दात उद्या निघेल. याला उद्या नको."

मुअत्तरने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. संशयी डोळ्यातूनही पाणी आलं होतं. ते दातामुळे होतं की कशामुळे, हे तिने विचारलं नाही.

तिने दुसऱ्यांदा ओतलं. दोघं घमेल्याशी उकिडवे बसून राहिले... पावसाचा आवाज आणि कल्ल्यांची उघडझाप. मग नुसता पावसाचा.

"तरी थोडा वेळ थांबायचं," ती कुजबुजली. "खात्री होईपर्यंत."

"थांबू या की."

तेवढ्यात फाटकाशी टोपी घातलेले एक गृहस्थ आले, छातीवर हात ठेवून वाकले आणि मुकाट्याने बाकावर बसले. अक्मलला वाटलं, पावसातून आडोशाला आले असतील. त्यानेही छातीवर हात ठेवला. मग दुसरे आले. मग तिघं. प्रत्येकाने सुजलेल्या तोंडाचा, ओल्या डोळ्यांचा अनोळखी तरुण फाटकात बघितला आणि मनाशी म्हटलं, बिचारा, किती रडलाय. दोन्ही बाकं भरली. समोरच्या घरातून बुसोरा ओपांचा हंबरडा आला, "हाय गं माझी मस्तुरा! काल तर माझी सुई घेऊन गेली!"

मस्तुरा म्हणजे मुअत्तरची आई. ती याच वेळी भोपळा पोटाशी धरून गल्लीत शिरली. माणसं बसलेली पाहून तिने पाऊल आवरलं, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाला हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

तो माणूस आदराने सरकला. मग त्याने वर पाहिलं, आणि तो आणखी सरकला. इतका, की खाली पडला.

मग काय विचारता! ओपा रडतच धावत आल्या, मस्तुराला चाचपून पाहिलं आणि रागावल्या. "मेली नाहीस तर बाकं कशाला काढलीस?"

"मी काढली," अक्मल आतून म्हणाला. "बोळात जागा हवी होती. मासा गेला."

बाकांवर शांतता पसरली. सतरा माणसांची कामं सोडून झालेली शांतता असते तशी.

"मासा?" कुणीतरी म्हणालं. "माशासाठी दुआ नसते."

मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे वडीलधारे पंच, मिरवाली ओता काठी टेकत उठले, बोळात आले आणि घमेल्यात वाकून पाहिलं. "सोबिरजोनचा पहिलवान," ते मुअत्तरच्या बाबांचं नाव घेत म्हणाले. "चहाखान्यात बसून याच्याच गप्पा सांगायचा. त्याचं सगळं ऐकून घेणारं हे शेवटचंच होतं." मग बाकांकडे वळले. "माशासाठी नसते, सोबिरजोनसाठी असते. इतके हात जमलेत, ते रिकामे कशाला न्यायचे?"

सगळ्यांनी तळवे उघडले. मुअत्तरनेही. तिच्या बोटांना लवंगेचा वास होता. वसंतात याच बाकांसमोर तिला रडायला वेळ मिळाला नव्हता. भांडी, पाहुणे, चहा. आता मात्र दुआच्या शेवटी "ओमिन" म्हणताना ती रडली, आणि कुणी तिला उगी म्हटलं नाही.

पहिलवानाला द्राक्षवेलीच्या मुळाशी पुरलं. खड्डा अक्मलने खणला. आई ओसरीतून बघत होती.

"हा कोण?"

"दात दुखतोय त्याचा," मुअत्तर म्हणाली.

"हाही फुगलाय," आई म्हणाली. "याला तरी वाचव. मिठाचं गरम पाणी दे."

तो मिठाचं पाणी गालात धरून बसला. त्याला बोलता येत नव्हतं, आणि तिला ते बरं वाटलं. बाबांना पहिलवानाचं काय आवडायचं, ते तिला जरासं समजलं. तिने त्याला बाबांच्या खूप गोष्टी सांगितल्या. त्याने पाणी गिळलंही नाही, थुंकलंही नाही.

पाऊस थांबला तेव्हा लोक पांगले होते. अक्मलने एक बाक उचललं.

"उद्या दात काढून येतो," तो म्हणाला. "म्हणजे... यायचं का?"

"आता बाटली नाही. कोणासोबत येशील?"

ती 'येशील' म्हणाली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही बाकाकडे बघायचं ठरवलं.

"एक विचारू? ही बाकं दुसऱ्या कशाला बाहेर काढतच नाहीत?"

मुअत्तरने भिंतीला डोकं टेकलं. डोळे मिटत होते. कित्येक महिन्यांनी खरीखुरी झोप येत होती.

"काढतात की," ती म्हणाली. "लग्नाला."

अक्मल बाक हातात धरून उभा राहिला. उजवा गाल हलण्यासारखा नव्हता, म्हणून डावाच तेवढा हसला.

"मग फार आत ठेवत नाही," तो म्हणाला.