खांद्यावरची खूण

तारखा चुकणार नाहीत, कारण मी सगळं वहीत लिहून ठेवतो. तीन फेब्रुवारीला, मंगळवारी, मुनीरने ते काम पाठवलं. जुन्या फिल्म साफ करून कॉम्प्युटरवर आणायचं त्याचं छोटं ऑफिस इथे आखातात, देरा भागात आहे. मी त्याच्याकडे नोकरीला, पण काम अल मजाज भागातल्या माझ्या घरूनच करतो. बायको सुनेत्रा गेली, मग मुलगी ईश्वरी शिकायला पुण्याला गेली. आता घरात आवाज फक्त एसीचा.

फिल्म इंग्लंडमधल्या थॉर्नबेक नावाच्या छोट्या गिरणीगावाची होती. १९०३ सालची, मुकी, साडेतीन मिनिटांची. गिरणी सुटते आणि कामगार फाटकातून बाहेर येतात, एवढंच. एकेक फ्रेम घेऊन ओरखडे पुसायचे.

"दुसरा कोणी वेडा होईल, भाई," मुनीर फोनवर म्हणाला. "तुम्हाला तो धोका राहिलेला नाही. यल्ला, करा सुरू."

सोबत गावाचा इतिहासही आला होता. मी तो पूर्ण वाचला, टिपणं काढली. आधी नदीकाठी मेंढपाळांची पंचवीस घरं. मग गिरणी, सहाशे माग, एकाला एक चिकटलेली दगडी घरं. गिरणी १९७९ साली बंद पडली, आता तिथे फ्लॅट आहेत. एका परिच्छेदाशी मात्र मी थांबलो. मागांच्या आवाजात शेजारणीचंही बोलणं ऐकू येत नसे. म्हणून विणकर बायका ओठ मोठे हलवून बिनआवाजी बोलत आणि हाताने खुणा करत.

थांबलो, कारण सुनेत्राही माझ्याशी शेवटचं तसंच बोलली होती. २०२१च्या जानेवारीत, साथीच्या दिवसांत, हॉस्पिटलच्या काचेपलीकडून. तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला, ओठ हलवले, आणि दोन बोटं डाव्या खांद्यावर दोनदा ठेवली. मला वाटलं, थंडी वाजतेय. नर्सला सांगून ब्लँकेट घालायला लावलं. सुनेत्राने नाही नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा तीच खूण केली. संध्याकाळी ती गेली. ती काय सांगत होती, हा प्रश्न पाच वर्षं माझ्याजवळ राहिला.

अकराव्या दिवशी फ्रेम दोन हजार एकशे चौदापर्यंत साफ केलं आणि तो तुकडा चालवून पाहिला. घोळक्यात शाल पांघरलेली एक बाई होती. बाकीच्या कॅमेऱ्याकडे बघून हसत पुढे जात होत्या. ही थांबली. सरळ बघत तिने ओठ हलवले. दोन बोटं डाव्या खांद्यावर ठेवली. दोनदा. मग मान हलवली आणि पुन्हा...

मी चहा केला. प्यायलो नाही.

थॉर्नबेकच्या इतिहास मंडळाने एडना नावाच्या बाईंशी बोलणं ठरवून दिलं. त्र्याण्णव वर्षांच्या, त्या गिरणीतल्या हयात असलेल्या शेवटच्या विणकर. शनिवारी दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल लागला. म्हातारी मोठी मिश्कील. मला 'बाळा' म्हटल्यासारखं सारखं 'लव्ह' म्हणत होती. मी फिल्मचा तो तुकडा तिला दाखवला.

"ही तर आमचीच खूण," ती हसली. "मुकादम पाठीशी येऊन उभा राही, आवाजात कळायचं नाही. मग समोरची सांगायची... तुझ्या मागे कुणीतरी उभं आहे."

"पण ती तर कॅमेऱ्याकडे बघतेय."

"मग कॅमेरावाल्याच्या मागे असेल कुणी."

ते मला पटलं. मी फिल्म बंद केली, तसा तिच्या स्क्रीनवर माझा चेहरा आला असावा. तिचं हसू हळूहळू मावळलं. आवाज गेला नव्हता, तिच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. तिचे ओठ मोठे, सावकाश हलले. आवाज तिने काढलाच नाही. दोन बोटं उचलून डाव्या खांद्यावर ठेवली. दोनदा. मग तिने कॉल बंद केला.

मी वळलो नाही. सूर्यास्ताची, मगरिबची अजान होईपर्यंत तसाच बसून राहिलो. मानेवर एसीचा वारा लागत होता, पण एसी माझ्या समोरच्या भिंतीवर आहे.

सुनेत्राच असेल, असं मनाला सांगून पाहिलं. खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी घरात आणखी कुणीतरी. पण तिने ती खूण केली तेव्हा ती स्वतः काचेपलीकडे होती. जिवंत.

जुन्या वह्या डाव्या हाताशीच असतात. न वळता २०२१ची काढली. तो दिवस शोधला. अक्षर माझंच होतं.

'भेटीला एकालाच परवानगी. मी एकटाच होतो, तरी नर्सने घालायला दोन गाऊन दिले. एक परत केला.'