शिसवी दारं

लोक आपापलं लाकूड घेऊन येतात. कुणाच्या आजोबांचा पलंग असतो, कुणाचा मोडका झोपाळा. "याची गिटार करून द्या, आठवण राहील." मी नाही म्हणते. तोंडावर म्हणते. त्यांना राग येतो. येऊ दे. माझ्या रागापुढे तो काहीच नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. तो दिवा जरा इकडे सरकव. खिडक्या बंद असल्या की या खोलीत दिवसाही नीट दिसत नाही, आणि उघडताही येत नाहीत. ओल आली की लाकूड फुगतं, आणि फुगलेल्या लाकडाची गिटार म्हणजे सर्दी झालेला गवई.

ही खोली आधी आमच्या आईची शिवणाची. आता इथे मी आणि माझा मोठा भाऊ. मी लाकूड कापते, वाकवते, जोडते; दादा घासतो आणि पॉलिश करतो. लहानपणी तापात त्याचे कान गेले. उजव्यात थोडंसं उरलंय, ओरडलं तर ऐकू येतं. पण गिटार कशी बोलते हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. दांडीचं टोक दातांत धरतो, तार छेडतो आणि डोळे मिटतो. नवीन गिऱ्हाईक बघून हसतं. वाजवून झाल्यावर हसत नाही.

वकील आले त्या सकाळी मी सरस तापवत होते. खोलीभर तो उकळत्या खुरांचा वास. वकिलांनी नाकाला रुमालसुद्धा लावला नाही, इतका सभ्य माणूस. आवाज तर एवढा मऊ, की ऐकायला आपणच पुढे झुकावं. मागे आमच्या ओळखीचा सुतार, खांद्यावर कपाटाची दोन दारं घेऊन घामाघूम झालेला. अस्सल शिसवी. वरून दिसत होतं आणि वजनावरून कळतही होतं.

"नातीसाठी युकुलेले करायचंय, चार तारांची ती छोटी गिटार," वकील म्हणाले. "मुलगी गेली माझी. आजारपणात. जावई बोटीवर असतो, म्हणून नात आता माझ्याकडेच. हात रिकामे राहिले की मुलं बिघडतात."

"ऐकून वाईट वाटलं," मी म्हणाले. "पण एवढ्या चांगल्या कपाटाची दारं कशाला काढलीत?"

"कपाट आहे तसंच उभं आहे, वरच्या खोलीत. ही दारं नात आल्यापासून वाजायला लागली होती. वाऱ्याने."

सुतार दारं भिंतीला टेकवत होता. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "त्या खोलीला खिडकीच नाहीये, ताई."

मी हसले. सुताराला प्रत्येक घरात भूत दिसतं, असं आम्ही त्याला चिडवायचो.

दारांना बाहेरून नुसतं पॉलिश होतं. आतून मात्र रंग फासलेला, थरावर थर, भिंतीला देतात तसा. शिसवीला रंग देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खरवडायला बसले तर खालचं लाकूड दिसायला लागलं, आणि त्यावर ओरखडे. आडवेतिडवे, एकावर एक. सगळे माझ्या कमरेच्या खाली. शिसवीवर नख चालत नाही. काहीतरी टोकदार होतं, केसांची पिन असावी. आणि जिथे दोन दारं एकमेकांना भिडतात, जिथून फटीतून उजेड येत असेल, तिथे तर कड पार झिजवून टाकली होती.

मांजर कोंडलं गेलं असेल, मी स्वतःला सांगितलं. मांजर केसांना पिन लावत नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं.

कापून, रंधा मारून पातळ पाट काढले, शिसवीचा काळपट जांभळट भुसा खोलीभर झाला. पाट तयार झाला की तो कानाजवळ धरून बोटाच्या सांध्याने टकटक करायची, हा आमचा नेहमीचा रिवाज. लाकूड कसं घुमतं ते त्यात कळतं. मी टकटक केली. आवाज घुमला, विरला. आणि मग पाटाने उत्तर दिलं.

दोनदा हळू. मग घाईघाईने तीनदा.

मी पाट टेबलावर ठेवला. शेजारी कुणी खिळा ठोकतंय का, म्हणून बाहेर जाऊन आले. दुपारची वेळ, सगळीकडे सामसूम. परत येऊन पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. दोनदा हळू, तीनदा घाईने.

दादाला काही न सांगता मी त्याच्या हातात पाट दिला. त्याने तळहात सपाट टेकवला आणि डोळे मिटले.

"अगं," तो म्हणाला, "हे लाकूड चिडलंय."

मी त्याला म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तेव्हाच थांबायला हवं होतं असं तुला वाटेल. पण लाकूड वाळताना कडकडतं, तडकतं, आवाज करतं. आमचं अर्धं आयुष्य असल्या आवाजांत गेलंय. मी काम चालू ठेवलं. बाजूच्या पट्ट्या गरम नळीवर वाकवल्या, तेव्हा शिसवीचा गोड वास यायला हवा होता. आला तो कोंदट कपड्यांचा, डांबराच्या गोळ्यांचा, आणि त्याखाली कुठेतरी... घाबरलेल्या लहान मुलाचा. ज्याने मुलं वाढवलीत त्याला तो वास सांगावा लागत नाही.

युकुलेलेची पोकळ पेटी जोडून झाली, दांडी बसवायची राहिली, तेव्हा मी नातीच्या बोटांचं माप घ्यायला तिला बोलावलं. वकील तिला घेऊन आले. किरकोळ पोर, दोन घट्ट वेण्या. आम्ही तिला बसायला स्टूल दिलं, तर आधी आजोबांकडे बघितलं, त्यांनी मान हलवल्यावर बसली. वकील पॉलिशचा रंग ठरवायला दादाजवळ गेले. दादाला ओरडून सांगावं लागतं, आणि या गृहस्थांना आवाज चढवायची सवय नाही, त्यामुळे ते तिथे अडकले.

"हे बघ, तुझं युकुलेले," मी तिला म्हटलं आणि सवयीने पेटीच्या पाठीवर टकटक केली.

आतून उत्तर आलं.

मी हात मागे घेतला. पोर मात्र घाबरली नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ओळखीचं भेटावं, तसा तिचा चेहरा उघडला.

"मावशी, आई असंच वाजवायची."

"कुठे गं?"

"आंघोळीला गेली ना, की आतून. म्हणजे मला कळायचं, आई आत आहे. ती दार नुसतं लोटायची. आमच्या घरी कुठल्याच दाराला कडी नव्हती. आईने सगळ्या काढून टाकल्या होत्या." मग ती माझ्याकडे झुकली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबांकडे आहेत... बाहेरून."

"फार बोलतेस," मागून तो मऊ आवाज आला. वकिलांनी तिच्या मानेवर नुसता हात ठेवला. बटण दाबून दिवा घालवावा, तशी ती विझली. डोळे जमिनीकडे, हात मांडीवर. मी तिला आणखी काही विचारलं, तर तिने मानही हलवली नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे चढलं, ते अजून उतरलेलं नाही. ओरखडे कुणाचे, रंग कशाला, दारं कुठल्या वाऱ्याने वाजत होती, सगळं एकदम समोर उभं राहिलं. मला पटाशी उचलावीशी वाटली. खोटं कशाला बोलू. मी ती उचलली नाही, कारण पोर समोर होती. वकील रंगाचे नमुने बघायला पुन्हा दादाकडे वळले. मी तिची बोटं मोजली आणि मोजता मोजता, जिभेवर साखर ठेवल्यासारखी, विचारलं, "तुला आणखी कोण आहे गं?"

"आत्या," ती ओठ न हलवता म्हणाली. "स्टेशनासमोर फुलं विकते."

संध्याकाळी मी त्या आत्यासमोर उभी होते. ऐकता ऐकता तिने हातातली कात्री खाली ठेवली. ती आधीही पोरीला न्यायला गेली होती, पण वकिलांनी कायद्याची भाषा करून दारातूनच परत पाठवलं होतं. या वेळी तिने तिथूनच भावाला बोटीवर फोन लावला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकात तीच उभी होती. पोर तिच्या कमरेला जी चिकटली, ती घरी पोचेपर्यंत सुटली नाही, असं आत्याने मला नंतर सांगितलं.

त्याच दुपारी वकील माझ्या दारात.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या घरात नाक खुपसण्याचे पैसे मी तुम्हाला देत नव्हतो."

"कपाटात कोण असायचं?" मी विचारलं.

"काय?"

"तुमची मुलगी असायची ना? एवढीशी असताना?"

त्यांनी नकार दिला असता, तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी नाकारलंच नाही. उलट खुर्ची ओढून बसले आणि अडाण्याला समजवावं तसं समजवायला लागले. "हट्टी मुलांना शिस्त लागते. मी कधी हात उगारला नाही तिच्यावर. विचारा कुणालाही."

"किती वेळ ठेवायचात?"

"गप्प होईपर्यंत."

इतक्या सहज म्हणाले! चहा उकळेपर्यंत, म्हणावं तसं.

"आणि नातीला?"

"तिच्यात आईचाच हट्ट उतरलाय. कपाटाला दारं नाहीत म्हणून काय झालं? घरात खोल्या थोड्या आहेत का?"

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेजारचे गॅलरीत आले होते आणि दादाने, आमच्या दादाने, दोन्ही कानांवर हात ठेवले होते. आणि मी ओरडत असतानाच टेबलावरच्या पेटीतून आवाज सुरू झाला. आता कुणी टकटक केली नव्हती. दोन हळू नाहीत, तीन घाईचे नाहीत... नुसता मारा. मुठींचा, लाथांचा, डोक्याचा. पेटी टेबलावर उड्या मारायला लागली, शिकंजा सुटून खाली पडला, सरसाचं भांडं कलंडलं. खोलीत त्या कोंदट कपड्यांचा वास एवढा दाटला की मला श्वास घेता येईना.

दादाने पेटीवर दोन्ही हात दाबून धरले. "थांबत नाहीये," तो म्हणाला. "अगं, हे थांबत नाहीये..."

वकील उठले. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता, होता तो कंटाळा. ते पुढे आले, दादाचे हात बाजूला केले आणि बोटातल्या अंगठीने पेटीवर एकच टोला दिला. ठक्.

"गप्प."

आणि पेटी गप्प झाली.

त्या माऱ्याची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या शांततेची वाटली. आवाज थांबला नव्हता. कुणीतरी तो आतल्या आत गिळला होता, तोंडावर हात दाबून.

"बघितलंत?" वकील मऊपणे म्हणाले. "एवढंच लागतं." पेटी काखोटीला मारली आणि पायऱ्या उतरून गेले. मी अडवलं नाही. दादा तेवढा दारापर्यंत गेला आणि ते वळणावर दिसेनासे होईतो बघत उभा राहिला.

"काय बघतोयस?" मी विचारलं.

"ते चाललेत तशी पेटी हलते," तो म्हणाला. "पण आता ती आतून दार शोधत नाहीये."

पुढचं मी पाहिलेलं नाही. पुढचं मला सुताराने सांगितलं, इथे, या स्टुलावर बसून. मी त्याला पाण्याचा पेला दिला होता.

वकिलांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना ते खाली कुठे दिसले नाहीत म्हणून त्या वर गेल्या. पेटी पलंगावर नीट ठेवलेली. वकील कपाटात. बिनदाराच्या त्या कपाटात गुडघे छातीशी घेऊन बसलेले, डोळे उघडे, आणि समोरच्या हवेवर तळहात आपटत होते. हात मध्येच कशावर तरी थांबत होते. तोंड हलत होतं, आवाज बाहेर येत नव्हता. बाईंनी शेजाऱ्यांना बोलावलं, शेजाऱ्यांनी सुताराला.

"मग काढलंत कसं?" मी विचारलं.

"कपाट भिंतीपासून ओढलं आणि मागची फळी फोडली. तिकडून ओढून काढलं त्यांना. जिवंत आहेत. बोलत नाहीत."

"फळी कशाला फोडलीस? समोरून सगळं मोकळं होतं ना? दारं तर तूच काढून आणली होतीस."

सुताराने पेला खाली ठेवला. मी त्याला हसेन की काय, असं माझ्याकडे बघितलं.

"आधी समोरूनच बघितलं, ताई. हात जाईना. म्हणून करवत लावली..."

"कशाला लावलीस? हवेला?"

"हो, ताई." त्याने सदऱ्याच्या बाहीवरून हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. काळपट, जांभळट, बारीक.

"भुसा पडला."