दोरीपर्यंतची पावलं

मोजणीबाईंनी त्या दिवशी डबासुद्धा प्लास्टिकचाच आणला होता. किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना, सगळं गाडीत काढून ठेवून त्या कापडी बुटांनी माळ तुडवत आत आल्या. गाडी लांब रस्त्याकडेला होती. आपण हात करेपर्यंत जागचं हलायचं नाही, अशी ड्रायव्हरला ताकीद दिलेली होती. नवीन होता बिचारा, त्याने मान डोलावली.

माळाच्या मधोमध घागरीएवढे दोन थर्मास होते. त्यांत द्रव हेलियम आणि प्रत्येकाच्या पोटात एक अतिसंवाहक संवेदक. चुंबकी क्षेत्रात तिळाएवढा बदल झाला तरी तो टिपतो, आणि तो बदल बाजूला बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटतो. मुंगीने टाचणी ओढत नेली तरी कळेल, असं बाई सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. आज मोजायची होती ती संवेदकाची स्वतःची खरखर. दोन्ही संवेदकांना एकदम दिसेल ते लांबून आलेलं, ते वजा करायचं. उरेल ती संवेदकाची आपली खरखर. जवळ कोणी हललं तर मात्र सगळा हिशोब बिघडतो. म्हणून एक तासाची स्वच्छ नोंद हवी होती. ती नाही मिळाली तर अकरा वर्षांचं काम कपाटात जाणार होतं, आणि हेलियम जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणारं.

नोंदीतला जो तुकडा कापायचा त्याचं कारण वहीत लिहायचं, असा बाईंचाच नियम होता. गेल्या वर्षापर्यंत तिथे सारखं एकच कारण यायचं: काकांचा पाय. काका म्हणजे कार्यशाळेतले जुने फिटर. हे थर्मास त्यांच्याच हातचे. अपघातानंतर त्यांच्या डाव्या मांडीत पोलादी सळई बसवलेली होती, त्यामुळे ते चालले की पडद्यावर एक उंचवटा उठे आणि मागे लांब फरफट. बायकोपेक्षा हे यंत्रच मला जास्त ओळखतं, असं म्हणून ते हसायचे. शेवटी बाईंनी साठ पावलांवर सुती दोरी बांधली आणि काही झालं तरी ही ओलांडायची नाही, असं त्यांना चांगलं खडसावलं. काकांनी ती कधीच ओलांडली नाही. गेल्या वर्षीच्या मोजणीला ते गाडीत बसल्या जागी गेले. झोपेतच हृदय बंद पडलं असेल, कोणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते मान्य केलं, कारण तेच सोपं होतं.

तास भरायला पंधरा मिनिटं उरली होती. लख्ख ऊन होतं, वारा पडलेला. पडद्यावर एक उंचवटा उठला. मागे फरफट.

बाईंनी मान वर केली. माळ रिकामा होता. गाडीच्या खिडकीत ड्रायव्हरचं कोपर तसंच टेकलेलं. उंचवटे मोठे होत गेले, म्हणजे कोणी जवळ येत होतं, आणि साठ पावलांच्या अंतरावर, दोरीपाशी थांबले.

मग बाईंनी त्यांच्या धंद्यातला कोणीही करेल तेच केलं. ताडून पाहायला गेल्या वर्षीची मूळ नोंद उघडली. कापलेला तुकडा तिथे होता. हीच पावलं, दोरीपर्यंत. मग अकरा मिनिटं काही नाही. मग परतीची पावलं, मधे तीनदा थांबलेली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त वेळ. वहीत त्यांचंच अक्षर होतं: काकांचा पाय, नेहमीचंच, काढून टाकलं.

म्हणजे काका आले होते. छातीत कळ घेऊन अकरा मिनिटं उभे होते, आणि बाई पाठ करून बसल्या होत्या. हाक मारायचं त्राण नसेल, किंवा पोरीची मोजणी बिघडेल असं वाटलं असेल.

आज पावलं थांबून नऊ मिनिटं झाली होती. आल्याची पावलं पुन्हा कापली आणि आणखी थोडं गप्प बसलं, की तास जुळत होता. बाई उठल्या आणि दोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"काका... आत या. दोरीचं राहू द्या."

पावलं आत आली. उंचवटे वाढत वाढत पडद्याबाहेर गेले, आणि थांबले. तास गेला. बाईंनी वहीत लिहिलं: काका आत आले, ठेवलं. मग त्या पोटभर रडल्या.

ऊन उतरलं, हेलियमचा काटा तळाला आला, तरी परतीचं एकही पाऊल उमटलं नाही. या संवेदकाची एक खोड आहे, त्याला फक्त बदल दिसतो. जो स्तब्ध उभा असतो, तो त्याला दिसत नाही. हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून बटणाकडे हात नेताना त्या, घरच्या माणसाला सांगावं तसं, हळूच म्हणाल्या, "चला काका, निघू या."

उंचवटा उठला. मागे फरफट.

दोन संवेदक असले की पाऊल कुठल्या दिशेला पडलं तेही कळतं. ते दोरीकडे नव्हतं. टेबलाकडे होतं.