दुसरा पालक

आत्याच्या मांजराला इंजेक्शन द्यायला ती प्राण्यांच्या दवाखान्यात आली, तेव्हा तरुण डॉक्टर संगणकाकडे डोळे वटारून बघत होता. शेजारी, गाडीखाली सापडलेली एक बेवारस कुत्री धापा टाकत होती. ऑपरेशन लगेच व्हायला हवं होतं. पण नोंद झाल्याशिवाय भुलीचं औषध मिळत नव्हतं, आणि संगणक नोंद घेईना. ‘नियम सतरा मोडला’, एवढंच त्याचं पालुपद.

“मी डेटाबेसचंच काम करते,” ती हळूच म्हणाली. “बघू का?”

त्याने मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून परवानगी घेतली. “तो नियमच उडवून टाका,” तो वैतागून म्हणाला.

“आधी तो काय म्हणतो, ते तरी ऐकू या.”

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत ठेवलेली असते. प्रत्येक तक्त्याचे काही नियम असतात, आणि त्या नियमांचीही नोंद डेटाबेस स्वतःजवळ ठेवतो. नीट विचारलं की सांगतो. तिने विचारलं— रुग्णांच्या तक्त्यावर कोणकोणते नियम आहेत? कोणत्या रकान्यांवर? अट काय?

उत्तर झरझर उमटलं. सतरावा नियम: दुसरा पालक हवाच, आणि तो पहिल्याहून वेगळा हवा.

“तुम्ही दोन्हीकडे स्वतःचंच नाव घातलंय, डॉक्टर.”

त्याचे कान लाल झाले. “घरी दुसरं कुणी नाही... एकटा जीव सदाशिव.”

तिने कुत्रीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे— जरा जास्तच वेळ. आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं.

नोंद झाली. कुत्री वाचली.

मांजराचं इंजेक्शन मात्र राहूनच गेलं. पुढे ती रोज कुत्रीची पट्टी बदलायला जाऊ लागली, तेव्हा आत्या म्हणाली, “टोचलं कुणाला, ते दिसतंयच.”

टाके निघाले त्या सकाळी कुत्री अंगणभर उधळली. डॉक्टर खाली बघत हातमोजे काढत राहिला. आता रोज यायची तशी गरज नाही, असं काहीसं पुटपुटला. मग थांबला.

“पण... दुसरा पालक किती दिवसांसाठी असतो?”

“नियमात मुदत नाही,” ती म्हणाली. “मी त्याच दिवशी पाहून ठेवलं होतं.”