डावे चाक

१७ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे भुरभुर, मग दिवसभर धुके. वारा अजिबात नाही.

नवी गाडी घेऊन अण्णा पहिल्यांदाच डोंगरावर निघाले होते. काम साधेच होते. माथ्यावरच्या हवामान केंद्राची जुनी खोली सोमवारी पाडणार होते, आणि तिथल्या खिळ्याला त्यांच्या बायकोचा राखाडी स्वेटर अजून लटकत होता. तिचे घरातले कपडे मेव्हण्याने घाईघाईने वाटून टाकले होते. अण्णांना ते बघवणार नाहीत, असे त्याला वाटले. आता तिच्या अंगाचा वास असलेले एवढे एकच वस्त्र उरले होते.

गाडी दोघांनी मिळून ठरवली होती. डोंगर चढणारी हवी, पण मॉडेल सगळ्यात खालचे, हा तिचा हट्ट. जे हाताने फिरते ते वाटेत रुसत नाही, असे ती म्हणायची. गाडीचा नंबर लागायच्या आधीच ती गेली. शोरूममधल्या मुलीने दबकत विचारले, बुकिंग रद्द करायचे का. अण्णा म्हणाले, रंग तिने निवडलाय, तोच द्या.

पहिल्या काही दिवसांत गाडीचा स्वभाव कळत गेला. क्लच जड. सीट पाटासारखी ताठ. पायाखाली गालिचा नाही, नुसते रबर. झाडून काढले की झाले. काचा हँडल फिरवून खाली घ्यायच्या. वरच्या मॉडेलमध्ये जिथे नकाशाचा पडदा असतो, तिथे हिला काळी कोरी पट्टी. मेव्हण्याने तिच्यावर टिचकी मारली होती. "काय भाऊजी, पाटी कोरीच दिली की. आता रस्ता कोण दाखवणार?"

"शेजारी बसेल तो," अण्णा बोलून गेले. मग दोघेही डाव्या सीटकडे न बघता चहा प्यायला आत गेले.

अण्णांना या गाडीत सर्वात जास्त आवडलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला कटकट वाटली असती. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती होती. चिखल आला की खाली उतरायचे, दोन्ही चकत्या हाताने फिरवायच्या, तेव्हा ती चाके इंजिनला जोडली जात. एकच फिरवली तर काही उपयोग नाही; सगळा जोर मोकळ्या बाजूने वाया जातो. डांबर लागले की दोन्ही मोकळ्या करायच्या.

ऑफिसच्या जुन्या जीपला असेच होते. अण्णा ड्रायव्हर, ती वर जाऊन पाऊस आणि तापमान मोजणारी बाई. दर शनिवारची फेरी. उजवी चकती त्यांची, डावी तिची. तिचे फिरवून झाले की ती बॉनेटवर दोन थापा मारायची आणि आत येऊन म्हणायची, "चला, ड्रायव्हर." लग्न झाले तरी जीपमध्ये ती बाई आणि ते ड्रायव्हरच राहिले.

एकदा अशाच धुक्यात अण्णांनी गंमत म्हणून थापांची वाट न बघता गाडी पुढे काढली होती. वळणावर थांबून हसत बसले. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. ती हळूच म्हणाली, "पुन्हा मला मागे टाकून जाऊ नका." त्यानंतर थापा ऐकल्याशिवाय अण्णांनी कधी पहिला गियर टाकला नाही.

कच्चा रस्ता सुरू झाला तसे धुके काचेला येऊन चिकटले. ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा वास आत आला. उतारावरून चिखल वाहून आलेला दिसला. अण्णा उतरले, उजवी चकती फिरवली, आत येऊन बसले. इंजिन संथ घुमत होते.

ठप. ठप.

त्यांनी दांडा फोर-व्हीलला टाकला आणि गाडी चढाला लावली. पुढची दोन्ही चाके चिखल उडवत गाडीला वर ओढत होती. अर्ध्या चढावर त्यांच्या लक्षात आले. डाव्या बाजूला ते गेलेच नव्हते.

थांबता येत नव्हते. थांबले तर गाडी मागे घसरली असती.

माथ्यावर पोचल्यावर ते डाव्या चाकाशी वाकले. चकती जोडलेली होती. निघताना दोन्ही मोकळ्या असल्याची त्यांनी खात्री केली होती. चकतीवर चिखलाचा थर होता, आणि त्यात बोटांचे ठसे. अण्णांनी आपली बोटे त्यांवर ठेवून पाहिली. ठसे बारीक होते.

खोलीचे कुलूप गंजले होते. किल्ली जोर लावून फिरवावी लागली. स्वेटर खिळ्यावर होता, धूळ बसलेला, कोरडा ठणठणीत. फक्त उजव्या बाहीचे टोक ओले होते. त्याला ताजा चिखल होता.

अण्णांनी त्यात तोंड खुपसले. चिखलाच्या वासाखाली ती होती.

"बाई..." ते म्हणाले. खोलीत त्यांचाच आवाज फिरला.

स्वेटर त्यांनी डाव्या सीटवर नीट बसवला आणि उतरायला सुरुवात केली. एकदाही तिकडे पाहिले नाही. पाहिले तर नुसता स्वेटरच दिसेल, ही धास्ती. न पाहता चालवले तर शेजार भरलेला वाटत होता. वर्षभरात इतके बरे वाटले नव्हते.

डांबर लागले. अण्णा उतरले, उजवी चकती मोकळी केली, पुन्हा आत बसले. डावीला त्यांनी हात लावला नाही.

"डांबर आलं, बाई," ते समोर बघत म्हणाले.

धुके हलत नव्हते. अण्णा कान देऊन बसले. चाकाच्या बाजूला काही खरखरले, की खडी सरकली... मग काहीच नाही. थापा आल्या नाहीत. त्यांनी पुष्कळ वाट पाहिली. शेवटी मागून एक ट्रक आला, हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. रस्ता अरुंद होता. अण्णांनी डोळे पुसले, आपण वेडे झालो असे स्वतःला बजावले आणि पहिला गियर टाकला.

घरी पोचले तेव्हा मेव्हणा अंगणातच उभा होता. काय भाऊजी, चढली का गाडी, असे विचारत तो पुढे आला. अण्णा वळसा घालून डाव्या चाकाशी गेले.

चकती मोकळी होती. डावे दार नीट लागलेले नव्हते. सीटवर स्वेटर नव्हता.

अण्णा परत आत बसले, गाडी वळवली आणि डोंगराच्या रस्त्याला लागले.