दादाची सर्व्हिस

विश्वास ठेवा नाहीतर हसा. ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होतो, माझी वहिनीही होती.

रविवार. भर दुपार. दादाच्या घराचा हॉल, खिडक्या सताड उघड्या. म्हणजे अंधारात काहीतरी भास झाला म्हणायलाही जागा नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, लिफ्टचा मेकॅनिक. मनगट इतकं जाडजूड की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसायचा.

आम्हा दोघांना एका टेनिसच्या व्हिडिओ गेमचं वेड होतं. तो दोन प्रकारे खेळता यायचा. एक, रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवायचा, मग पडद्यावरचा खेळाडूही तसाच हात फिरवतो. दुसरा, साधा बटणांचा कंट्रोलर.

मी रिमोटवाला. दादा कट्टर बटणवाला.

"हवेत हात ओवाळून लिफ्ट येते का रे कधी?" तो म्हणायचा. "बटणच दाबावं लागतं. माझं पोट चालतंय त्यावर."

सर्व्हिस करण्याआधी तो चेंडूचे दोन टप्पे पाडायचा.

टप्... टप्.

म्हणजे, "छोट्या, तयार?"

मग आजार आला. खांद्यापासून हात गळत गेले. मनगटाची नुसती काडी झाली. वहिनी घास भरवायची. पण अंगठे मात्र शेवटपर्यंत चालले. कंट्रोलर मांडीवर ठेवून, अंगठ्यांनी खेळून तो मला हरवायचा.

"शेवटी बटणंच कामाला आली ना?" म्हणायचा आणि हसायचा.

मी बाथरूममध्ये जाऊन रडून यायचो.

मग दादा गेला.

वहिनीला एकच गोष्ट आतून खात होती. "भाऊजी, रोज स्वप्नात येतात. तसेच पडलेले. हात तसेच लुळे. तिथे तरी उचलता येत असतील का हो त्यांना?"

तिचं जेवण सुटलं होतं. ताटावर बसायची आणि तशीच उठायची.

त्या रविवारी ती म्हणाली, "तो गेम घेऊन जा. मला बघवत नाही."

नेण्याआधी चालतोय का ते बघावं म्हणून मी लावला. बटणांच्या कंट्रोलरचं चार्जिंग संपलेलं. मी माझ्या रिमोटनं सुरू केला. जोडीचा दुसरा रिमोट टीव्हीखाली पडून होता. दादानं तो कधी हातात धरला नव्हता. त्याचा मनगटात अडकवायचा पट्टा सैल लोंबत होता.

आणि मग...

पडद्यावर दुसरा खेळाडू आला.

मिशीवाला. दादानं हौसेनं बनवलेला.

मला वाटलं, गेमचाच काहीतरी घोळ असेल.

टप्... टप्.

मी वळून पाहिलं.

वहिनी ओलं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिला तो आवाज पाठ होता.

टीव्हीखालचा रिमोट... थरथरत होता.

बटणांनी खेळताना मिशीवाल्याचा हात खटकन वर जायचा, दर वेळी अगदी एकसारखा. आज तसं नव्हतं. हात हळूहळू उचलला जात होता. खांद्यापाशी आला... थांबला. थोडा कापला.

मग पुढे गेला. वर. पार डोक्याच्या वर.

क्षणभर तिथेच राहिला.

वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला.

चेंडू सणसणत माझ्या शेजारून गेला. माझा हात बंद करायच्या बटणाकडे वळला.

"नको!" ती ओरडली. मग अगदी हळू म्हणाली, "खेळा ना, भाऊजी. ते थांबलेत."

मी खेळलो. डोळ्यांपुढे सगळं धूसर. त्यानं मला सपशेल हरवलं. शेवटच्या फटक्यानंतर मिशीवाल्यानं दोन्ही हात वर केले आणि पडदा रिकामा झाला.

मी दुसऱ्या रिमोटचं मागचं झाकण उघडलं.

आत सेलच नव्हते.

"ते मीच काढले होते," वहिनी म्हणाली. "त्या घड्याळात घातलेत." भिंतीवरचं घड्याळ शांतपणे टिकटिकत होतं.

मग तिचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. तो आता सैल नव्हता. कुणीतरी मनगटात घालून आवळावा तसा त्याचा गोल झाला होता. तिनं त्यात आपलं मनगट घालून पाहिलं. खूप मोठा होता.

"हे आजारपणातलं मनगट नाही," ती म्हणाली. "हे त्यांचं आधीचं आहे."

त्या रात्री ती पोटभर जेवली. मला हायसं वाटलं.

आठवड्यानं गेलो तर ती पुन्हा तशीच ताटावरून उठून खिडकीपाशी बसली होती.

"आता काय झालं, वहिनी?"

"काही नाही हो. बरे झालेत ते, मी पाहिलं ना." ती पट्ट्याच्या गोलावरून बोट फिरवत होती. "पण त्या दिवसापासून स्वप्नातसुद्धा येत नाहीत."

गेम मी नेला नाही. दर रविवारी जातो. दुसरा रिमोट वहिनी शेजारी मांडते, तसाच, बिनसेलचा. मी चेंडूचे दोन टप्पे पाडतो.

टप्... टप्.

आणि आम्ही दोघं कान देऊन बसतो.